'स्टेडियम तर तयारच आहे': बडोद्यात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

2030 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला मिळाल्यापासून बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अहमदाबादेतल्या मोटेऱ्याचं 1 लाख 32 हजार आसनांचं स्टेडियम उभं आहे, म्हणजे मोठं काम झालंच, बडोदा एक्स्प्रेसवेनं तासाभरावर, त्यामुळे खेळाडू आपल्या हॉटेलांत उतरतील, 2022 च्या राष्ट्रीय स्पर्धांचं जिम्नॅस्टिक्स बडोद्याच्या सामा इनडोअर क्रीडासंकुलात झालं, तेव्हा तेही आपल्याकडेच येणार, आणि चार वर्षं हातात आहेत, घाई कसली?

मेसेज लिहिणाऱ्याला शहराबद्दल प्रेम आहे यात शंका नाही. पण चारही मुद्दे कच्चे आहेत, आणि त्यांच्यावर विसंबलो तर बडोद्याला खरोखर जे मिळू शकतं ते मागायचं राहून जाईल.

आधी स्टेडियम. राष्ट्रकुल स्पर्धांचा गाभा अ‍ॅथलेटिक्स, आणि मोटेरा क्रिकेटचं मैदान आहे. क्रिकेटमध्ये खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा जास्तीत जास्त 90 यार्ड, म्हणजे सुमारे 82 मीटर. दोन्ही बाजू धरून 164-165 मीटर. आठ लेनचा 400 मीटरचा ट्रॅक बाहेरून सुमारे 177 मीटर लांब आणि 92.5 मीटर रुंद होतो. शिवाय सरळ बाजूला 110 मीटर हर्डल्ससाठी सुरुवातीला 3 मीटर आणि शेवटी थांबायला 17 मीटर, मिळून 130 मीटरची पट्टी लागते. रुंदीत अडचण नाही, अडतं ते लांबीत. ग्लासगोला 2014 साली हॅम्पडेन पार्क या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हाच पेच होता. तिथे हजारो पोलादी खांबांवर अख्खी जमीन सुमारे 1.9 मीटर उचलली. प्रेक्षकांच्या पायऱ्या वर जाताना मागे सरकतात, म्हणून जमीन उचलली की जागा लांब होते. किंमत म्हणजे खालच्या आठ रांगा गेल्या आणि आसनं 52 हजारांवरून 44 हजारांवर आली. मेलबर्ननं 2006 साली एमसीजी या क्रिकेटच्या मैदानावर तात्पुरता ट्रॅक टाकला होता. तेव्हा अशक्य काही नाही, पण याला 'तयार' म्हणत नाहीत. त्यातच शेजारी सरावाचा दुसरा ट्रॅक हवा. धावपटू वॉर्म-अप करून तिथून थेट कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी हजेरी घेतात त्या खोलीत, जातो. ती सोय नसेल तर मुख्य ट्रॅक कितीही चांगला असून उपयोग नाही.

आता तासाभराचा रस्ता. एक्स्प्रेसवे सुमारे 93 किलोमीटरचा, हे बरोबर. पण तो अहमदाबादच्या दक्षिण-पूर्व टोकाला संपतो आणि मोटेरा शहराच्या उत्तरेला आहे; मधलं सगळं शहर ओलांडायचं राहतंच. वेटलिफ्टिंगमध्ये वजन घेणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं आणि तासभर चालतं. वजनाच्या मर्यादेवर टेकलेला, पाण्याचा घोटही मोजून घेणारा खेळाडू त्याआधी दोन तास बसमध्ये बसवायचा का? पोहणाऱ्याची सकाळी प्राथमिक फेरी आणि संध्याकाळी अंतिम. मधल्या वेळात त्याला जेवण, मसाज आणि झोप हवी. कोणताही संघ व्यवस्थापक हे मान्य करणार नाही. दूरच्या गावात खेळ होतात, पण मग खेळाडूंना तिथेच ठेवतात. बर्मिंगहॅम 2022 चं ट्रॅक सायकलिंग लंडनला झालं, तेव्हा राहायची सोयही लंडनलाच होती. म्हणजे बडोद्याला एखादा खेळ द्यायचा तर स्वयंपाकघर, दवाखाना, डोपिंग तपासणी, ओळखपत्रांचा कक्ष, सुरक्षा हे सगळं इथे दुसऱ्यांदा उभं करावं लागेल. हॉटेलच्या खोल्या त्यातला सगळ्यात सोपा भाग.

जिम्नॅस्टिक्सचा मुद्दा जरा सविस्तर बघायला हवा, कारण आशा सगळ्यात जास्त तिथेच आहे. राष्ट्रीय स्पर्धा झाली ही जमेची बाजू खरीच. (त्याच स्पर्धांचं ट्रॅक सायकलिंग मात्र दिल्लीला न्यावं लागलं होतं.) पण आंतरराष्ट्रीय स्पर्धेत साधनं जमिनीवर नसतात, सुमारे मीटरभर उंच पोडियमवर, म्हणजे मंचावर, असतात. हॉरिझाँटल बार, रिंग्ज आणि अनइव्हन बार पोलादी तारांनी ताणून बांधतात. तो ताण पोडियमच्या सांगाड्यानं पेलायचा असतो. नांगर नीट बसला नाही तर बार झोक्यागणिक हलतो आणि हात सुटतो. दुसरं, पुरुषांची सहा आणि महिलांची चार साधनं सरावाच्या हॉलमध्ये पुन्हा तशीच, त्याच कंपनीची हवीत. स्प्रिंगचा ताठपणा बदलला की उडीचा अंदाज चुकतो. तिसरं, हाताला लावायची मॅग्नेशियमची पावडर एसीच्या फिल्टरमध्ये साचते; सफाईचं वेळापत्रक नसेल तर हवा कोंडते. आणि वीज. जुने मेटल हॅलाइड दिवे एकदा झटक्यानं विझले की थंड होऊन पुन्हा पूर्ण उजळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. जनरेटर असून तिथे काही उपयोग नाही; एलईडी दिवे आणि जनरेटर चालू होईपर्यंत भार पेलणारा यूपीएस लागतो.

चार वर्षांचं गणितही फसवं आहे. चाचणी स्पर्धा साधारण वर्षभर आधी घेतात, म्हणजे 2029 मध्ये सगळं वापरात हवं. ट्रॅकच्या ताज्या डांबरावर लगेच पॉलियुरेथेन, म्हणजे धावायचा रबरासारखा वरचा थर, टाकता येत नाही. दोन ते चार आठवडे ते सुकू द्यायचं. पाया ओला असला तर वरच्या थराला फोड येतात, म्हणून पावसाळ्याचे महिने बाद. नंतर चार मीटरची पट्टी ठेवून बघतात. खाली 6 मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा दिसला की तेवढा भाग उकरायचा. दिल्लीत 2010 साली स्पर्धा 3 ऑक्टोबरला सुरू व्हायच्या होत्या आणि 21 सप्टेंबरला मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. बारा दिवस आधीपर्यंत पुलाचं काम चालू असणं हाच खरा दोष होता.

मग बडोद्यानं मागायचं काय? आमच्या मते दोन गोष्टी, आणि दोन्ही आत्ता. पहिली, स्पर्धेआधीच्या सराव शिबिरांसाठी सामा इनडोअर: पूर्ण साधनं, एलईडी, यूपीएस. परदेशी संघ हवेची सवय व्हावी म्हणून दोन-तीन आठवडे आधी येतात. त्यांना रोजचा प्रवास नसतो, त्यामुळे अंतराचा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाची सध्याची गुणनियमावली, म्हणजे गुण देण्याचे नियम, 2025 ते 2028 या चक्राची आहे, आणि पंचांना प्रत्येक चक्रात नव्यानं परीक्षा द्यावी लागते. 2030 साली पंचांच्या टेबलावर बसायचं तर 2029 मध्ये सुरू होणाऱ्या चक्राची परीक्षा पास व्हायला हवं, आणि त्याआधी राज्य व राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धांत पंच म्हणून उभं राहायला हवं. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतच्या व्यायामशाळांत आज विशी-पंचविशीत असलेल्या मुलामुलींनी राज्य संघटनेकडे पंच परीक्षेसाठी नाव याच वर्षी द्यावं.