रुंद पानांचा मुनवा का नको : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

परसबागेतील केळीवरचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचाच मुनवा (केळीच्या बुंध्याशी कंदातून फुटणारे पिल्लू) लावणीसाठी घ्यावा, हा माझा आग्रह आपल्याला पुस्तकी वाटतो, कारण अर्धापूरजवळच्या आपल्या गावी हाती येईल तो मुनवा लावूनही केळी लागत आलेली आहेत. ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली, टिश्यू कल्चरची) रोपे मिळत असताना मुनव्यांची उठाठेव कशासाठी, असे आपण विचारता. आणि पाण्याची ओढ असलेल्या मराठवाड्यात घरोघरी केळ लावायला सांगणे आपल्याला बेजबाबदारपणाचे वाटते.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण खरा मतभेद तिथेच आहे. रुंद पानांच्या मुनव्याला घड लागतच नाही, असे मी कोठेही लिहिलेले नाही. परंतु तो घड उशिरा येतो आणि बहुधा हलका भरतो, आणि याचे कारण जमिनीखाली असते. अरुंद पानांचा मुनवा मातृझाडाच्या कंदाला खोलवर आणि घट्ट जोडलेला असतो. पाने अरुंद असेपर्यंत तो आईच्या जिवावर पोसला जातो आणि मिळालेले अन्न स्वतःच्या कंदात साठवतो, म्हणून त्याचा बुंधा जाड आणि शेंडा निमुळता दिसतो. याउलट रुंद पानांचा मुनवा वरवर फुटलेला असतो, त्याची जोडणी कच्ची असते आणि कंद लहानच राहतो. त्याची पाने लवकर उलगडतात, त्यामुळे तो अधिक हिरवागार आणि देखणा वाटतो, आणि नवखा माणूस नेमका त्यालाच भुलतो. खणून काढून दोन्ही शेजारी ठेवले, की फरक कोणालाही दिसतो.

आपल्या गावचा अनुभव मला खोटा वाटत नाही. मात्र अर्धापूर हा केळीचाच पट्टा आहे. तिथे हाती येणारा मुनवा बहुतेक वेळा जोमदार, खत-पाणी मिळालेल्या बागेतला असतो. लातूर किंवा बीडमधल्या घरामागच्या दहा फूट जागेत, शेजाऱ्याच्या दुर्लक्षित बेटातून उपटून आणलेल्या मुनव्याला तेवढे सुदैव लाभत नाही. शिवाय शेतकऱ्याच्या हजार झाडांत पन्नास कमजोर निघाली तरी बाग उभी राहते. घरी मात्र दोनच झाडे असतात आणि मुनव्यापासून घड हाती यायला सव्वा वर्ष सहज जाते.

पानांच्या आकारावर डोळे मिटून विसंबू नये, एवढी पुस्ती मात्र आपल्या आक्षेपामुळे जोडावीशी वाटते. पर्णगुच्छ रोगाने ग्रासलेल्या बेटातील मुनव्यांचीही पाने अरुंद आणि उभी असतात. फरक असा, की ती शेंड्याशी गुच्छासारखी दाटतात, कडांना पिवळी पडतात, हाताने वाकवली तर कडकन मोडतात आणि देठांवर गडद हिरव्या तुटक रेघा दिसतात. म्हणून आधी मातृझाड पाहावे, मग मुनवा. मातृझाडाचा घड चांगला असावा आणि पानांवर चट्टेपट्टे नसावेत. मुनवा तीन-चार महिन्यांचा आणि त्याचा कंद साधारण अर्धा ते पाऊण किलोचा असावा. पहारीने माती मोकळी करून, आईकडच्या बाजूने जोड तोडून तो कंदासह काढावा. नुसता ओढला तर कंद आतच राहतो. मग मुळ्या छाटून कंदाची साल धारदार विळ्याने पातळ तासावी. आतला गर पांढराशुभ्र लागला तर मुनवा ठेवावा. तपकिरी डाग किंवा भुश्शाने भरलेली काळी भोके दिसली, तर आत सोंडकिडा आहे असे समजून तो बागेबाहेर नष्ट करावा. ही तासणी घरगुती लागवडीत सर्रास टाळली जाते आणि कीड पाहुणी म्हणून आत येते.

ऊतिसंवर्धित रोपांबद्दल आपले म्हणणे बऱ्याच अंशी मान्य आहे. ती एकसारखी वाढतात, सोंडकिडा आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) यांपासून मुक्त असतात आणि अकरा-बारा महिन्यांत घड देतात. विश्वासू रोपवाटिकेतून दोन रोपे सुटी मिळत असतील तर जरूर घ्यावीत. पण अशा रोपवाटिकांत प्रामुख्याने ग्रँड नैन ही जात असते. सफेद वेलची किंवा राजेळी यांसारखी जात लावायची असेल, तर ओळखीच्या घरातला मुनवाच बहुधा उपयोगी पडतो. कोवळ्या रोपांवर मावाही लवकर बसतो, आणि सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग त्याच्यामार्फतच पसरतो. काकडी, भोपळा, दोडका यांच्या वेलींवरही हा विषाणू वाढत असल्याने केळीच्या आसपास वेल चढवू नयेत. परसबागेत नेमके तेच केले जाते.

पाण्याचा मुद्दा गंभीर आहे. भरल्या झाडाला मे महिन्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत केळ लावू नये, हे मला मान्यच आहे. जिथे नळाला पाणी येते, तिथे भाज्या-धान्य धुतलेले आणि अंघोळीचे पाणी एक-दोन बेटांना पुरते. कपड्यांचे सोडायुक्त पाणी मात्र देऊ नये. आपली काळी जमीन आधीच विम्लतेकडे, म्हणजे अल्कधर्मी गुणाकडे, झुकलेली असते, ती अधिकच चिकट होते. त्याच जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबून कंद कुजतो, म्हणून दीड फुटाच्या खड्ड्यात शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून जागा जरा उंच ठेवावी. आळ्यात वाळल्या पानांचा जाड थर दिला, की उन्हाळ्यातली पाण्याची पाळी लांबते.

आपल्या बेटात सात-आठ खोडे एकत्र दाटली आहेत, असे आपण शेवटी लिहिले आहे. घड लागलेली आई, एक अर्धी वाढलेली लेक आणि एक छोटी नात एवढीच ठेवा. बाकीचे मुनवे नुसते वरून कापले तर पंधरवड्यात पुन्हा फुटतात. जमिनीलगत कापून मधला कोंब टोकदार कोयत्याने खरवडून काढा. लेक निवडताना मात्र उंची पाहू नका, बुंध्याची जाडी पाहा.