तुमच्या आमदारांनी स्वतःचं विधेयक शेवटचं कधी मांडलं?

गेल्या महिन्यात वाडीतल्या सत्यनारायणाच्या पूजेला आमचे आमदार आले होते. मंडळाच्या अध्यक्षांनी झालेल्या कामांची यादी वाचली. पाखाडी, सभामंडप, स्मशानशेड, दोन हायमास्ट. टाळ्या झाल्या आणि मीही मनापासून वाजवल्या, कारण पाखाडी खरंच झाली आहे आणि माझी आई त्याच पाखाडीने देवळात जाते. नंतर चहाला बसलो तेव्हा मी त्यांना विचारलं, "साहेब, आजवर तुम्ही स्वतःचं एखादं विधेयक मांडलंत का?"

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, विधेयकं सरकार आणतं. आपण मतदारसंघ सांभाळायचा."

माणूस वाईट नाही. रात्री दोन वाजता फोन केला तरी उचलतो, पेशंटला मुंबईत बेड मिळवून देतो. पण त्यांच्या त्या उत्तराने मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण ते चूक आहे, आणि ते चूक आहे हे माझ्या घराण्याला ठाऊक असायला हवं.

मंत्री मांडतो ते शासकीय विधेयक. मंत्री नसलेला कुठलाही सदस्य, मग तो सत्ताधारी बाकावरचा असो की विरोधी, स्वतःच्या नावाने मांडतो ते अशासकीय विधेयक. विधानसभेत २८८ सदस्य आहेत, विधान परिषदेत ७८. त्यातले मंत्री वगळले तर उरलेल्या प्रत्येकाला हा अधिकार आहे. त्यासाठी पक्षश्रेष्ठींची चिठ्ठी लागत नाही. नोटीस द्यायची, विधेयकाचा मसुदा द्यायचा, सोबत 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' जोडायचं. शुक्रवारी अशासकीय कामकाजाला वेळ राखून ठेवलेला असतो. मीच तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आणि पोरांना विधेयकाच्या तीन वाचनांची नावं पाठ करायला लावली, पण आपल्या आमदाराला हे विचारता येतं, हे कधी सांगितलं नाही. ते राहून गेलं, म्हणून आज एवढं लांब लिहितोय.

आता घराण्याचं सांगतो.

माझे पणजोबा खोताचं कूळ होते. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात गावोगाव खोत होते. सरकारचा सारा गोळा करून भरायचा ही त्यांची मूळ जबाबदारी, पण कसणाऱ्याच्या दृष्टीने गावचं सरकार म्हणजे तेच. (खोत एकाच जातीचे नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. खाली कमेंटमध्ये तो वाद नको.) आमच्याकडे भाताला अर्धेल होती. म्हणजे पिकलेल्या भातातलं अर्धं खोताच्या अंगणात नेऊन घालायचं. आजोबा सांगायचे, मळणी झाली की घरात दाणा नेण्याआधी खोताचा माणूस मापाला येऊन बसायचा. माप त्याचं, हात त्याचा. पायलीवर दाण्याचा डोंगर उभा करून मोजलं तर एक हिशेब, फळीने सपाट करून मोजलं तर दुसरा. खोताला घालताना डोंगर आणि कुळाला बियाणं उसनं देताना सपाट. हे सांगताना आजोबा हाताने हवेत फळी फिरवून दाखवायचे. नव्वदीला आले तरी ती फळी त्यांच्या हातात होती. वर वेठ वेगळी. खोताच्या शेतावर नांगर धरायचे दिवस ठरलेले, त्याला मजुरी नाही.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेच्या पुण्याच्या अधिवेशनात एका सदस्याने खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. तो सदस्य मंत्री नव्हता. त्याचा पक्ष सत्तेत नव्हता, जेमतेम वर्षभरापूर्वी निघालेला होता. पक्षाचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष आणि सदस्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

त्या विधेयकात काय होतं ते बघा, कारण ते भाषण ठोकण्यासाठी आणलेलं विधेयक नव्हतं. खोती रद्द करायची. खोताला वाजवी नुकसानभरपाई द्यायची. आणि जो प्रत्यक्ष जमीन कसतो त्याला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखाली थेट सरकारचा खातेदार करायचं. म्हणजे कोणाचं काय जाणार, कोणाला काय मिळणार आणि ते कुठल्या कायद्यात कुठे बसणार, सगळं मांडलेलं. विरोधी बाकावर बसून इतकी तयारी करायची असते.

विधेयक पुढे सरकेना. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळावर, हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. कोकणातून माणसं आली, आणि कोकणातलीच पण परळ-लालबागच्या गिरण्यांत लागलेली माणसंही त्यात सामील झाली. आमचे थोरले चुलत आजोबा गिरणीत जॉबरच्या हाताखाली होते, ते त्या मोर्चात चालले होते. एवढी एकच गोष्ट ते आयुष्यभर सांगत राहिले. बाबासाहेबांना जवळून पाहिलं असं ते म्हणायचे, पण भाषण काय झालं ते विचारलं की गप्प व्हायचे. गर्दीत ऐकूच आलं नव्हतं.

ते विधेयक कायदा झालं नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, दशक गेलं. पण ज्या खोतीविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून वर्षानुवर्षं संप चालवला होता, तो प्रश्न त्या विधेयकामुळे सभागृहाच्या कागदावर आला होता आणि तिथून पुसता येण्यासारखा नव्हता. १९४९ मध्ये मुंबई सरकारनेच खोती नष्ट करण्याचा कायदा केला. पुढे कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळं मालक मानली गेली. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चढलं ते त्यानंतर. आज आमच्या घरात जो तांदूळ शिजतो तो पूर्ण आमचा आहे, आणि त्याची सुरुवात एका मंजूर न झालेल्या विधेयकाने झाली असं मी मानतो. कोणी म्हणेल, ते विधेयक नसतं तरी खोती गेलीच असती. गेली असती कदाचित. पण १९३७ मध्ये कोणीतरी त्याचा मसुदा लिहून ठेवला होता, आणि लिहिलेला मसुदा हातात असला की लोकांना नेमकं काय मागायचं ते कळतं.

ज्यांना वाटतं की अशासकीय विधेयक कधी मंजूरच होत नाही, त्यांनी मुंबई कौन्सिलकडे, म्हणजे १९३७ च्या आधीच्या मुंबईच्या कायदेमंडळाकडे पाहावं. विठ्ठलभाई पटेलांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकाचा १९१८ मध्ये कायदा झाला. त्याआधी सहा वर्षं गोखल्यांचं तसंच विधेयक केंद्रीय कौन्सिलात पडलं होतं. मातृत्व लाभाचं तर आणखी बोलकं उदाहरण आहे. कामगार पुढारी ना. म. जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्रयत्न केला, तो फसला. मग १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात असवले नावाच्या सदस्याने विधेयक आणलं, आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, बाईला बाळंतपणात विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे असं सांगितलं आणि १९२९ मध्ये कायदा झाला. गिरणीत उभ्या राहून काम करणाऱ्या बायकांसाठी. आज माझ्या सुनेला बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा मिळाली, तिची मूळ वाट त्या कौन्सिलातून येते. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती बाळाला पाजत होती. म्हणाली, "बाबा, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही हो."

मग आज असं का झालं?

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या पासावर मी शुक्रवारी प्रेक्षक गॅलरीत बसलो होतो. सकाळी प्रश्नोत्तरांना भरलेलं सभागृह दुपारी ओस पडलेलं. शनिवार-रविवार मतदारसंघात लग्नं, उद्घाटनं, भेटी, त्यामुळे मंडळी गाडीला लागलेली. खाली एक आमदार, नाव सांगत नाही, पहिल्यांदाच निवडून आलेले, आपलं विधेयक मांडत होते. चांगला अभ्यास केला होता, हातातले कागद थरथरत होते. सात-आठ मिनिटं बोलले. मंत्री उठले आणि म्हणाले, शासन या विषयाबाबत सकारात्मक आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं अशी विनंती आहे. सभागृहाच्या अनुमतीने विधेयक मागे घेण्यात आलं. खेळ संपला. त्या आमदारांनी कागद फाईलमध्ये नीट लावून ठेवले, एकेक करून, कडा जुळवत. ते कागद जुळवणारे हात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

सरकारची अडचण मला कळते. आमदाराचं विधेयक सरकारच्या मनाविरुद्ध संमत झालं तर ती नामुष्की मानली जाते. म्हणून चांगलं असलं तरी मागे घ्यायला लावायचं, आणि फारच चांगलं असलं तर पुढे स्वतःच्या नावाने आणायचं. त्यात शुक्रवारच मुळात मोजके. हिवाळी अधिवेशन आठ-दहा दिवसांत गुंडाळलं तर नागपूरला शुक्रवार किती मिळतात? एक, फार तर दोन. शिवाय विधानसभेचं विसर्जन झालं की तिच्यासमोर पडून असलेली विधेयकं राज्यघटनेच्या कलम १९६ प्रमाणे व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. नवीन विधानसभेत पहिल्यापासून सुरुवात.

संसदेतही फार वेगळं नाही. स्वातंत्र्यानंतर तिथे अवघी १४ अशासकीय विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. तरी त्यानंतरची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २०१५ मध्ये तमिळनाडूचे तिरुची शिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने संमत केलं. लोकसभेत ते पार पडलं नाही. पण सरकारला मग आपलं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. त्या कायद्यावर टीका आहे, त्यात शिवांच्या विधेयकातलं बरंच काही आलं नाही, ते सगळं खरं. पण विषय टाळणं अशक्य झालं.

दोष मी एकट्या आमदारांना देत नाही. आपण त्यांना काय विचारतो ते आठवा. रस्ता, बदली, दाखला, मंडपाला निधी. दहीहंडीला किती दिले. पाच वर्षांनी कार्यअहवाल छापला जातो तेव्हा त्यात फोटो असतात, नारळ फोडतानाचे. "मी हे विधेयक मांडलं आणि त्याचं असं झालं" हे पान मी आजवर एकाही अहवालात पाहिलेलं नाही, आणि ते नाही म्हणून कोणी तक्रार केल्याचंही ऐकलेलं नाही. ज्याला कोणी विचारत नाही ते काम माणूस कशाला करील?

आता एक नेमकी गोष्ट. आमच्या वाडीतून शाळेत जायला पऱ्ह्यावर साकव आहे. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो, साकव म्हणजे ओढ्यावरचा अरुंद पायपूल. आमच्या साकवाच्या एका खांबाचं काँक्रीट सुटून आतलं लोखंड दिसतंय, बोट लावलं तर गंजाचे पापुद्रे हातात येतात. पावसाळ्यात पाणी साकवाच्या खाली वीतभर असतं आणि पोरं दप्तर डोक्यावर धरून धावत जातात. तीन वर्षं अर्ज देतोय. दर वेळी कोणता तरी शासन निर्णय दाखवतात, त्यात 'तपासणी करण्यात यावी' असं लिहिलेलं असतं. शासन निर्णय उद्या दुसऱ्या निर्णयाने बदलतो आणि तो पाळला नाही तर कोणाचं काही जात नाही. कायद्याचं तसं नसतं. दर वर्षी ३१ मेच्या आत प्रत्येक साकवाची तपासणी, तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर, तपासणाऱ्या अभियंत्याच्या नावासकट, आणि धोकादायक असेल तर पर्यायी वाट मिळेपर्यंत मुलांच्या वाहतुकीची जबाबदारी कोणाची ते स्पष्ट. एवढंच. दोन पानांचं विधेयक होईल.

सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर कलम २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते, हे मला माहीत आहे. म्हणून तपासणी आणि अहवाल आधी, बांधकामाचा खर्च त्यात घालायचाच नाही, असा मसुदा मी केला आहे. तालुक्याच्या कोर्टातले एक वकील, माझे जुने विद्यार्थी, त्यांनी कलमं नीट करून दिली. 'उद्देश व कारणे' मी स्वतः लिहिली. ते लिहिताना कितीदा तरी पायलीवर फिरणारी आजोबांची फळी आठवली.

काल मी आमदारांच्या संपर्क कार्यालयात पत्र देऊन पोच घेतली. पत्रात दोन गोष्टी विचारल्या आहेत. या विधानसभेत तुम्ही किती अशासकीय विधेयकांची नोटीस दिलीत? आणि सोबतचा मसुदा पुढच्या अधिवेशनात तुमच्या नावाने मांडाल का? मंत्र्यांनी मागे घ्यायला सांगितलं तर त्यांच्याकडून तारीख मागून घ्या, नुसती सकारात्मकता घेऊन परत येऊ नका, असंही लिहिलं आहे.

आपल्या मतदारसंघातल्या ज्यांना सही करायची आहे त्यांच्यासाठी मसुद्याच्या प्रती गावच्या वाचनालयात ठेवल्या आहेत. रविवारी दहा ते बारा मी तिथे बसतो. येताना आपल्या वाडीतल्या साकवाचा फोटो घेऊन या, खांबाचा, खालून काढलेला.