नसलेले पन्नास लाख

सोलापुरात सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यावर काल माझा हिशेबासकट अपमान झाला. गुन्हा एवढाच की मोबाइलवर स्कोडाच्या नव्या ऑक्टाव्हिया आरएसचा, म्हणजे ऑक्टाव्हियाच्या वेगवान भावंडाचा, फोटो बघत होतो. शेजारी टॉवेलचे माग चालवणारे अण्णा. त्यांनी मान तिरकी करून फोटोत डोकं घातलं.

"कितीला बे?"

"एकोणपन्नास नव्याण्णव."

"हजार?"

"लाख, अण्णा. एक्स-शोरूम."

अण्णांनी फुंकर मारलेला चहा परत बशीत ठेवला. "स्कोडा न्हवं का ही? आमच्या सीएकडं हाय की. हिला तर डिकी हाय बे!"

डिकी म्हणजे त्यांच्या लेखी गरिबी. एवढ्या पैशात फॉर्च्युनर येते. तिच्यातून उतरलं की मंगल कार्यालयाचा वॉचमन सलाम ठोकतो. हिच्यातून आधी गुडघे बाहेर येणार, मग मालक. मी २६५ पीएस ताकद, ३७० न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे चाकं फिरवणारा जोर, शून्य ते शंभर ६.४ सेकंद असं घाईघाईनं सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "आसरा चौकात ६ सेकंदात म्हस पण बाजूला होत न्हाई."

चूक माझीच. आरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षाही १५ मिलिमीटर खाली बसते, हे मीच वर सांगून ठेवलं. मग अर्धा चहा गतिरोधकांवर गेला.

त्यांना कसं सांगू की आरएस या नावाची मजाच डिकीत होती? दिसायला हेडमास्तरची गाडी, मागे तांदळाचं पोतं मावतं, आणि पाय दाबला की भल्याभल्यांना आरशात टाकते. २०१७ ची आरएस औरंगाबादेत जुळवलेली, २३० पीएस, २४ लाख ६२ हजार. तेव्हाही माझ्याकडे पैसे नव्हते. पण नसलेले २४ लाख आणि नसलेले ५० लाख यांत फरक असतो. पहिल्यात कर्जाचा हप्ता काढून बघता येतो. २०२० ची आरएस २४५ आयात होऊन ३५ लाख ९९ हजारांवर गेली, तेव्हा हप्ता काढणंही सोडलं.

यावर शहाणे सुचवतात, जुनी साधी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय ऑटोमॅटिक घे आणि रिमॅप कर, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढव. अरे बाबांनो, तिचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा; त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, आणि कंपनीचं इंजिन तेवढंच देतं. रिमॅपनं टॉर्क तीनशेच्या वर नेला की क्लच घसरतो: आरपीएम चढतो, गाडी जागची हलत नाही. त्यात एप्रिलचं सोलापूर आणि सिग्नलला इंचाइंचानं सरकणं, म्हणजे क्लच भाजून निघणार. आरएसचे क्लच तेलात बुडालेले असतात, म्हणून ते ताण सोसतात. २०१७ ची जुनी आरएस बघायला गेलात तर दर ६०,००० किलोमीटरला डीएसजीचं तेल आणि फिल्टर बदलल्याची बिलं मागा. "मालक, एकदम टकाटक हाय" हे बिल नव्हे.

अण्णांना मग कराचं गणित सांगितलं. ४० हजार डॉलरच्या आतली गाडी १०० रुपयांना बंदरात उतरली असं धरा. ७० टक्के आयात शुल्क, झाले १७०. त्या १७० वर ४० टक्के जीएसटी, म्हणजे शुल्कावरही कर, झाले २३८. वर आयात गाडीवरचा महाराष्ट्राचा २० टक्के रोड टॅक्स, २८६. यात कंपनीचा आणि डीलरचा नफा धरलेलाच नाही. ४९ लाख ९९ हजारांवर रोड टॅक्सच दहा लाख, विक्रीच्या वेळीच कापला जाणारा १ टक्का टीसीएस, म्हणजे विम्याआधीच साडेसाठ लाख. आणि एवढा टॅक्स भरून रस्ता तोच, होटगी रोडचा.

"मी शंभराचा टॉवेल एकशे दहाला विकला तर गिऱ्हाईक चोर म्हणतंय," अण्णा पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले. मला भरून आलं. पण त्यांनी लगेच विचारलं, "किती गाड्या आणल्यात?"

"शंभर."

"खपल्या?"

"किंमत जाहीर व्हायच्या आधीच बुक झाल्या."

अण्णा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "घेणाऱ्यानं भाव इचारला न्हाई, आन् तू न घेणारा घासाघीस करायलास व्हय बे?"

मग गाडेवाल्याला म्हणाले, "दोन्ही चहाचे ह्याच्याकडनं घे. पन्नास लाखाची गाडी बघायलाय सकाळपासनं."

मी दिले.