आत्याच्या शिबिराची फी

बेळगावात शहापूरच्या घरामागच्या परसात भरणाऱ्या आत्याच्या उन्हाळी शिबिरासाठी यंदापासून फी घ्यावी, असे आता ते चालवणाऱ्या वहिनीने मार्चमध्ये घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुचवले आणि त्यानंतर दोन दिवस जो वाद झाला, तो मी न्यू जर्सीत बसून वाचला. बहुतेकांचे म्हणणे एवढेच होते की, आत्याने हयातभर कोणाकडून छदाम घेतला नाही. मग सीमाभागातल्या मुलांना मराठी वाचायला बसवण्याचे आता पैसे मागायचे का? मी त्याच परसात वाढले असल्यामुळे हे दुखणे मला कळते. तरीही मी वहिनीच्या बाजूची आहे.

ऐंशीच्या दशकात एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमारास आमच्या शाळांना सुटी लागली की, दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठ ते बारा आम्ही पंधरा-वीस मुले चिंचेखाली जमत असू. तासभर मोठ्याने वाचन, मग मातीकाम किंवा सागरगोटे, मग लगोरी आणि शेवटी पन्हे, असा क्रम ठरलेला होता. शेजारच्या गल्लीतली कन्नड मुलेही येत. लगोरीला दोन्ही भाषांत लगोरीच म्हणतात, आणि आमची आत्या त्यांची ‘अत्ते’ होती, त्यामुळे भाषांतराची गरज फारशी पडत नसे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनाने शहर ढवळून निघाले. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये ती मुले येतील का, याची आत्याला काळजी होती. ती आली, आणि आधी आपली जुनी लगोरीची चिप्पे कुठे ठेवली आहेत, हेच त्यांनी विचारले. (चंदगडच्या आमच्या मावसभावंडांची गंमत निराळी होती. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडत असल्यामुळे आम्ही दप्तर भरू लागलो की त्यांची खरी सुटी रंगात येई, आणि १९५६ ची राज्य पुनर्रचना आम्हाला पहिल्यांदा कळली ती अशी.)

दोन वर्षांपूर्वी घरी गेले असताना आत्याची हिशेबाची वही माझ्या हाती लागली. लाल कापडी बांधणीची, कोपरे कुरतडलेली. डाव्या पानावर मुलांची नावे आणि घरोघरून आलेल्या वस्तू: गुळाची अर्धी ढेप, शेंगा दोन शेर, कैऱ्या. उजव्या पानावर खर्च: रंगीत कागद, शाडू, बर्फ, पाय मोडलेल्या बाकासाठी सुताराची मजुरी. तळाशी दरवर्षी तीच ओळ होती, ‘उरलेले यांच्या पेन्शनीतून’. आतोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ होते, आणि त्यांनी हे कधी बोलून दाखवल्याचे आम्हा कोणालाही आठवत नाही. शिबिर फुकट होते, असे आम्ही इतकी वर्षे सांगत आलो; फी होती, ती एकटे आतोबा भरत होते. आत्याच्या चार तासांच्या श्रमाचा तर वहीत रकानाच नाही.

माझा मुलगा इथे ज्या डे कॅम्पला जातो, तोही एका कुटुंबाचाच आहे. एका शिक्षक दांपत्याने आपल्या शेतावर तो सुरू केला आणि आज त्यांची नात चालवते. अमेरिकेतल्या अशा शिबिरांचा आरंभ सहसा १८६१ पासून सांगतात: कनेक्टिकटमधल्या वॉशिंग्टन या गावी शाळा चालवणारे फ्रेडरिक गन आणि त्यांच्या पत्नी त्या वर्षी मुलांना पायी समुद्रकाठी घेऊन गेले आणि तिथे त्यांनी दोन आठवडे तळ ठोकला. १९१० मध्ये शिबिरचालकांची संघटना झाली, आणि पुढे सुरक्षिततेची मानके आली. सहा ते आठ वर्षांच्या दर आठ मुलांमागे डे कॅम्पात एक कार्यकर्ता असावा, हे त्यांतलेच एक. पोहण्याच्या तलावावर दर थोड्या वेळाने शिट्टी होते आणि प्रत्येक मूल आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करते. एखादा हात एकटा दिसला, तर सगळा तलाव थांबतो. यावर लक्ष ठेवणारी मुले सोळा-सतरा वर्षांची, पूर्वी तिथेच पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना या कामाचा पगार मिळतो. त्या नातीने मला सांगितले की, जमिनीसाठी बिल्डरांची पत्रे दरवर्षी येतात आणि फी नसती, तर आजोबांच्या माघारी पहिल्याच वर्षी शेत विकावे लागले असते.

अर्थात, आठवड्याला काहीशे डॉलर मोजून मी हे लिहीत आहे, हे विसरून चालणार नाही. ज्यांना ते परवडत नाहीत, त्यांची मुले इथल्या दहा आठवड्यांच्या सुटीत घरात टीव्हीसमोर असतात. काही जागा सवलतीच्या असतात, पण थोड्या. आत्याकडे आठवा मुलगा आला काय आणि अठरावा आला काय, पन्ह्यात पाणी वाढे आणि काम भागे. तो मोकळेपणा मला इथे कुठेही मिळालेला नाही.

पण वाद चालला होता तो पैशावरून सुरू होऊन भलतीकडेच. दुकाने-संस्थांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे करणारी दुरुस्ती कर्नाटकाने २०२४ मध्ये केल्यामुळे शिबिराच्या बॅनरवर काय लिहायचे, यावर चाळीस निरोप आले. सीमाप्रश्नावर २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचाही उल्लेख झाला. आत्याच्या वेळी बॅनरच नव्हता. आणि नोकरी सांभाळून रोज सकाळी परसात उभे राहणाऱ्या वहिनीला मदत कोण करणार, यावर निरोप आले दोन. त्यांतला एक माझा होता, म्हणजे तोही समुद्रापलीकडून. सीमाभागातल्या आमच्या कितीतरी मराठी उपक्रमांचे असेच होते: भाषेचा अभिमान सगळ्यांचा, सतरंज्या उचलणारे एकच घर, आणि त्या घरातले माणूस थकले की उपक्रम बंद.

म्हणून मी सुचवले की, फी ठेवावी, ज्याला जमत नाही त्याने गूळ-शेंगा द्याव्यात, तेही जमत नसेल तर नुसते यावे, आणि याची नोंद फक्त वहिनीच्या वहीत राहावी. जमलेल्या पैशातून दहावी झालेल्या चार मुलांना मदतनीस म्हणून रीतसर मानधन द्यावे. आतेभावाला पहिली गोष्ट पटली, दुसरी नाही. आपल्याच मुलांना पैसे कसले द्यायचे, असे त्याचे म्हणणे. वहिनीने मात्र काल रात्री मला एकटीला निरोप पाठवून विचारले की, दिवसाला दोनशे दिले तर कमी होतील का.