स्पॅनिश बोलणारा प्रत्येक जण स्पॅनिश नसतो

‘दक्षिण अमेरिकेतले लोक म्हणजे स्पॅनिशच. मेस्सी स्पॅनिश, मार्केस स्पॅनिश, पेलेही स्पॅनिश. आणि त्यांतला एखादा असेल तर इंग्रजीत अ स्पॅनिश. गोव्यातली जुनी घरंही स्पॅनिश शैलीची.’ हे ठोकताळे फॉरवर्डांतून सारखे फिरत असतात.

आधी माणसं. इंग्रजीत माणसाला स्पॅनिश म्हटलं की तो स्पेन देशाचा. गॅब्रिएल गार्सिया मार्केसनी लिहिलं स्पॅनिशमध्ये, पण ते कोलंबियन. इंग्रजी बोलतो म्हणून ऑस्ट्रेलियन माणसाला आपण इंग्लिश म्हणतो का? मेस्सीचं प्रकरण जरा अवघड. जन्म अर्जेंटिनातल्या रोसारिओचा, २००५ साली स्पेनचं नागरिकत्वही मिळालं. तरी खेळला अर्जेंटिनाकडून, आणि जग त्याला अर्जेंटिनाचाच मानतं. पेलेंचं नाव यात यायलाच नको होतं: ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. शिवाय गयानात इंग्रजी आणि सुरिनाममध्ये डच आहेच.

‘मग सरसकट हिस्पॅनिक म्हणू’ हीही पळवाट चालत नाही. हिस्पॅनिकचा संबंध स्पॅनिश भाषेशी, लॅटिनोचा लॅटिन अमेरिकेशी. म्हणून ब्राझीलचा माणूस सहसा लॅटिनो, पण हिस्पॅनिक नव्हे. माद्रिदच्या माणसाचं बरोबर उलटं.

आता ‘अ स्पॅनिश’. ही चूक जास्त चिवट, कारण मराठीत ‘एक जर्मन’ आणि ‘एक स्पॅनिश’ दोन्ही खपून जातात. इंग्रजीत ॲन इंडियन, अ जर्मन, ॲन इटालियन चालतं. पण इंग्लिश, आयरिश, फ्रेंच, डच, स्पॅनिश या ‘श’ किंवा ‘च’ने संपणाऱ्या विशेषणांना एकट्या माणसासाठी ‘अ’ लावता येत नाही. ‘ही इज स्पॅनिश’ बरोबर, ‘ही इज अ स्पॅनिश’ चूक. नामच हवं असेल तर ‘अ स्पॅनिअर्ड’, दोघे असतील तर ‘टू स्पॅनिअर्ड्‌स’. ‘द स्पॅनिश’ म्हणजे स्पेनचे समस्त लोक, म्हणून पुढे ‘आर’ येतं, ‘इज’ नाही. भाषेला मात्र ‘द’ नको: ‘आय ॲम लर्निंग स्पॅनिश’. शेवटी लँग्वेज जोडलं तरच ‘द स्पॅनिश लँग्वेज’. पहिलं अक्षर कायम कॅपिटल. खुद्द स्पॅनिशमध्ये भाषेचं नाव, ‘एस्पान्योल’, लहान अक्षराने लिहितात. तिथून आलेले विद्यार्थी इंग्रजीत नेमके इथे अडखळतात.

राहता राहिली गोव्यातली ‘स्पॅनिश शैलीची’ घरं. गोव्यात १५१० ते १९६१ सत्ता पोर्तुगीजांची. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचं सिंहासन स्पेनच्या राजाकडे होतं हे खरं, पण गोव्याचा कारभार तेव्हाही पोर्तुगीजच पाहत होते.