टपरीवर लावलेला तो ‘सुप्रीम कोर्टाचा आदेश’ टपरीला लागूच नाही

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे महापालिकेला आता कुठल्याही टपरीला, शेडला हात लावता येत नाही. 15 दिवसांची नोटीस सक्तीची, नाहीतर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. 12 वर्षं एका जागेवर बसलात की जागा तुमची. लाइटबिल असलं की बांधकाम कायदेशीर. लायसन, सर्व्हे काही लागत नाही. फक्त या मेसेजची प्रिंट काढून दर्शनी भागात लावा.

माझ्या मावशीने ती लॅमिनेट करून पोह्यांच्या दरपत्रकाखाली लावली होती. अतिक्रमणाची गाडी आली तेव्हा पथकातल्या कुणी ती वाचलीसुद्धा नाही. शेगडी, सिलिंडर, दोन बाकडी, स्टीलचे डबे, सगळं गाडीत गेलं. म्हणून आता एकेक मुद्दा घेऊन सांगते.

निकाल खरा आहे. 13 नोव्हेंबर 2024 रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने तो दिला. एखाद्यावर गुन्हा दाखल झाला की त्याच्या घरावर बुलडोझर घालायचा, या प्रकाराविरुद्धचं ते प्रकरण होतं. 15 दिवसांची नोटीस, तीही रजिस्टर पोस्टाने आणि बांधकामावर चिकटवून, मग सुनावणी, कारणं देऊन आदेश, त्यानंतर पुन्हा 15 दिवस, पाडकामाचं चित्रीकरण, आणि हे धाब्यावर बसवणाऱ्या अधिकाऱ्याकडून स्वखर्चाने भरपाई. मेसेजवाल्याने एवढं बरोबर उचललंय, हे नाइलाजाने मान्य करते.

पण हे निर्देश द्यायच्या आधीच कोर्टाने एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवली आहे. रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा तलाव अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. जिथे पाडायचा हुकूम कोर्टानेच दिलेला आहे तिथेही नाहीत. म्हणजे ज्या निकालाने फुटपाथ मुद्दाम वगळला, तोच निकाल फुटपाथवरच्या लोकांच्या हातात कवच म्हणून दिला जातोय. मेसेज लिहिणाऱ्याने निर्देशांचा पहिला परिच्छेद तरी वाचायचा होता. वाचूनही तो गाळला असेल तर त्याला फसवणूकच म्हणायची.

रस्त्यावरच्या वस्तूंसाठी कायदा वेगळा आहे आणि जुना आहे. मुंबईत 1888च्या महापालिका कायद्याचं कलम 314, राज्यातल्या इतर महापालिकांत 1949च्या कायद्याचं कलम 231. रस्त्यावर बेकायदा उभारलेलं, ठेवलेलं किंवा विकायला मांडलेलं काहीही आयुक्तांना नोटीस न देता हटवता येतं. मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सुप्रीम कोर्टाच्या, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने कलम 314 वैध ठरवलं. पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्याच निकालाने सांगितलं, पण फुटपाथ अडवायचा हक्क कुणालाही नाही, हेही सांगितलं. आणि नोटीस न देता हटवता येतं म्हणजे प्रत्येक वेळी तसंच करावं असं नव्हे, माणसाचं ऐकून घेणं हा नियम आणि न ऐकणं हा अपवाद, असंही बजावलं. महापालिकांना हा भाग सोयीस्करपणे आठवत नाही, त्याचाही मला तितकाच राग आहे.

बारा वर्षांचं लवकर संपवते. मुदतीच्या कायद्यात रस्त्याचा ताबा परत मिळवायला स्थानिक संस्थेने करायच्या दाव्याला 30 वर्षांची मुदत आहे, 12 नव्हे. आणि वर सांगितलेली कलमं हाताशी असताना महापालिकेला दावा करायचीही गरज पडत नाही. लाइटबिल ही वीज वापरल्याची पावती, जागेची नव्हे. कर भरल्यानेही बेकायदा बांधकाम नियमित होत नाही.

खरं नुकसान ‘लायसन, सर्व्हे काही लागत नाही’ या मुद्द्याने झालंय. वॉर्डातून फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणाला माणसं आली तेव्हा मावशीने त्यांना परत पाठवलं, शेजारच्या फळवाल्यालाही म्हणाली, ‘कोर्टाने आपल्याला सोडवलंय, कशाला नाव देतोस?’ दोघांचीही नोंद झाली नाही. आणि टपरीवाल्याला खरं संरक्षण आहे ते नेमकं त्या नोंदीतच! पथविक्रेता कायदा, 2014. सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं कलम 3 सांगतं. पण तुम्ही आधीपासून तिथे बसताय हे दाखवायला कागद तर हवा? प्रमाणपत्र हातात असलं तर कलम 18 खाली त्या जागेवरून हलवायला 30 दिवसांची नोटीस लागते. मेसेज 15 दिवसांचं आमिष दाखवतोय आणि त्यापायी लोक 30 दिवसांचा हक्क घालवून बसलेत.

हा कायदाही सगळं झाकत नाही. तो विक्रेत्याला आणि त्याच्या तात्पुरत्या टपरीला आहे. कोबा करून, विटा रचून, शटर बसवून फुटपाथवर गाळा काढला असेल तर त्याच्या आडोशाला जाता येणार नाही. तिथे वकील गाठून कोर्टातून स्टे मिळतो का पाहायचं. स्टे आपोआप लागत नाही, प्रिंट चिकटवून तर नाहीच.

माल उचलून नेला असेल तर पथविक्रेता कायद्याचं कलम 19 धरा. जप्त मालाची सहीची यादी जागेवरच मिळाली पाहिजे. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी आणि बाकीचा मागणीपासून दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेलं शुल्क भरल्यावर परत द्यायचा असतो. मावशीला यादी दिलेली नाही. ती आम्ही लेखी अर्ज देऊन मागितली आहे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली आहे. तुमच्या ओळखीत कुणाचा माल गेला असेल तर हेच करा, आणि सर्वेक्षणाचे लोक आले की नाव, फोटो, आधार देऊन त्यांच्याकडून पावती घ्या.