'गप्प बसून कोड लिहा' म्हणे!

मोठ्या टेक कंपनीत डेव्हलपर व्हायची 'चार गुपितं' सांगणारा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरू दे म्हणून सोडलं होतं. पण काल मावशीच्या धाकट्यानं तोच मला पाठवून विचारलं, "दादा, हे खरं काय?" मग राहवेना.

पहिलं गुपित: कोडी पाठ करा, मॅनहोलचं झाकण गोल का वगैरे. अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, हे गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅस्लो बॉक यांनी 2013 मध्येच न्यूयॉर्क टाइम्सला सांगून टाकलंय. पुढे.

दुसरं तर कहर: 'प्रश्न विचारू नका, कच्चे वाटाल. गप्प बसून पूर्ण कोड लिहा.' लिहिणाऱ्यानं इंटरव्ह्यू लांबूनही पाहिलेला नसावा. प्रश्न बरेचदा मुद्दामच अर्धवट ठेवलेला असतो. समजा, 'यादीतल्या कुठल्या दोन संख्यांची बेरीज अमुक येते ते शोधा.' यादी क्रमानं लावलीय का? ऋण संख्या आहेत का? एकच जोडी हवी की सगळ्या? हे विचारायचंच असतं. मग साधा मार्ग बोलून दाखवायचा: प्रत्येक जोडी तपासू. दहा लाख संख्या असल्या तर जोड्या होतात जवळपास 50 हजार कोटी, म्हणजे फार वेळ लागेल, हेही आपणच म्हणायचं आणि हॅशमॅपवर यायचं, म्हणजे पाहिलेल्या संख्या साठवून हवी ती झटकन शोधून देणाऱ्या रचनेवर. एका फेरीत काम. गूगलची निवड समिती उमेदवाराला भेटलेलीही नसते, ती इंटरव्ह्यू घेणाऱ्यांची टिपणं वाचते. तुम्ही तोंडच उघडलं नाही तर इंटरव्ह्यू घेणारा टिपणात लिहिणार काय, कपाळ?

तिसरं: 'कन्नड नसेल तर बेंगळूरचं दार बंद.' खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारं विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळानं जुलै 2024 मध्ये मंजूर केलं आणि ओरड होताच बाजूला ठेवलं, एवढंच. या कंपन्यांचे इंटरव्ह्यू इंग्रजीत होतात. मोडकं चालतं.

चौथं: 'रेफरलशिवाय अर्ज कुणी बघत नाही, 25 हजारांत मिळवून देऊ.' रेफरल म्हणजे कंपनीतल्या कर्मचाऱ्यानं केलेली शिफारस. तिनं अर्ज लवकर नजरेस पडतो, हे मान्य करावं लागतं. पण पैसे? भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर आम्ही पैसे मागत नाही, असं अ‍ॅमेझॉन स्वतः सांगते. आणि रेफरल दिलेला माणूस निवडला गेला तर बऱ्याच कंपन्या उलट रेफरल देणाऱ्या कर्मचाऱ्यालाच बोनस देतात. उमेदवाराच्या खिशातून एक रुपया जायचं काही कारणच नाही.